अजून दहा मिनिटं

३१ ऑक्टोबर १९९४, सोमवार. अमेरिकन ईगलचं उड्डाण ४१८४, इंडियानापोलिसहून शिकागोच्या ओ'हेअर विमानतळाकडे. हवेत जेमतेम पाऊण तास. मागे ६४ प्रवासी, पुढे दोन वैमानिक, आणि केबिनमध्ये दोन कर्मचारी. विमान एटीआर ७२: पंख खिडक्यांच्या वर, पंखांना पंख्यांची दोन इंजिनं, चढायला मागच्या बाजूने छोटा जिना. मुंबईहून चिपीला उतरलेल्या किंवा कोल्हापूरहून हैदराबादला गेलेल्या माणसाला हे विमान वेगळं सांगायला नको. बोइंगमधून आलेला माणूस त्याला 'छोटं विमान' म्हणतो, आणि मनातल्या मनात थोडा घाबरतो.

घाबरायचं कारण छोटेपणात नव्हतं. हे विमान त्याच वर्षी कारखान्यातून आलेलं, कोरं करकरीत होतं. कॅप्टन २९ वर्षांचा, सहवैमानिक ३० चा. कॅप्टनच्या खात्यावर सात हजारांहून अधिक तास होते, सहवैमानिकाच्या पाच हजारांहून अधिक. त्यातही याच जातीच्या विमानात सहवैमानिकाचे तास कॅप्टनच्या दुपटीहून जास्त. म्हणजे नवखं कोणी नव्हतं, जुनं खटारा काही नव्हतं, आणि घाईही कोणाला नव्हती. उलट त्या दुपारी होतं ते फक्त थांबणं.

पुढच्या सगळ्या वेळा शिकागोच्या घड्याळाच्या आहेत.

दुपारी २.१४

ठरलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटं उशिरा विमान जागेवरून हललं आणि लगेच थांबलं. हवा खराब असल्याने ओ'हेअरवर विमानांची दाटी झाली होती, म्हणून तिकडे येणाऱ्यांना निघायच्या ठिकाणीच अडवून धरलं होतं. इंडियानावर कमी दाबाचं क्षेत्र, थर लागलेले ढग, थंडीतला पाऊस. अमेरिकेच्या त्या भागात दिवाळीच्या सुमारास आकाश असंच असतं.

हवामान खात्याने त्या भागासाठी एक सूचना काढलेली होती: ढगात आणि पावसात हलका ते अधूनमधून मध्यम बर्फ धरेल. वैमानिकांच्या हातात कंपनीने जे कागद दिले त्यात ही सूचना नव्हती. या गोष्टीवर नंतर बरंच लिहिलं गेलं. मला त्यात फार दम वाटत नाही. अशी सूचना तिकडे हिवाळाभर निघत असते. आपल्याकडे जूनमध्ये 'काही ठिकाणी मध्यम पावसाची शक्यता' वाचून कोणी ऑफिसला दांडी मारत नाही, तसंच ते. शिवाय एटीआरला अशा बर्फात उडायचा रीतसर परवाना होता. कागद हातात असता तरी विमान निघालंच असतं.

२.५५

चाळीस मिनिटं जमिनीवर काढून उड्डाण. विमान १६,००० फुटांवर गेलं. या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही.

३.१३

दहा हजार फुटांवर उतरायला सुरुवात. वाटेत ढग लागले आणि वैमानिकांनी बर्फ काढायची यंत्रणा चालू केली.

ही यंत्रणा म्हणजे पंखाच्या पुढच्या गोलसर कडेला चिकटवलेले काळे रबरी पट्टे. वैमानिक त्यांना 'बूट' म्हणतात. इंजिनातून काढलेली हवा ठरावीक अंतराने त्यांत सोडतात, पट्टे फुगतात, वरचा बर्फ तडकतो आणि वारा त्याला उडवून नेतो. कातडीवरचा वाळलेला चिखल बोट वाकवलं की सुटावा, तसं. साधी, हलकी, कमी खर्चाची युक्ती आहे. मोठ्या जेट विमानांत इंजिनाची गरम हवाच पंखाच्या कडेत खेळवतात, पण पंखेवाल्या छोट्या इंजिनांकडे तेवढी गरम हवा उधळायला नसते. म्हणून बूट.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. बूट जिथवर आहे तिथवरचाच बर्फ निघतो. या विमानात तो पंखाच्या वरच्या बाजूला पुढून मागे मोजलं तर साधारण सात टक्क्यांवर संपत होता. त्याच्या मागे नुसता पत्रा.

आता हा बर्फ येतो कुठून? आकाशात बर्फाचे तुकडे तरंगत असतात आणि ते येऊन चिकटतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ढगातलं स्वच्छ पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. उणे पाच, उणे दहा, त्याहूनही खाली ते पाणीच राहू शकतं. त्याला फक्त टेकायला जागा हवी असते. टेकलं की त्याच क्षणी गोठायला लागतं. मराठवाड्यात गारपिटीनंतर एखादी मोठी गार चिरून पाहिली आहे? आत कांद्यासारखे पापुद्रे असतात. गार ढगात वरखाली होत असताना असंच थंडगार पाणी तिच्यावर येऊन बसतं, थरावर थर. विमानाचा पंख त्या ढगातून जातो तेव्हा त्या पाण्याच्या दृष्टीने तो एक भलीमोठी गारच असतो.

३.१८

विमान दहा हजार फुटांवर स्थिरावलं आणि शिकागोच्या नियंत्रकाचा निरोप आला: ल्युसिट या बिंदूवर घिरट्या घाला, साडेतीनला पुढे सोडू.

ल्युसिट नावाचं गाव नाही. नकाशावर विमानांसाठी ठरवलेला तो एक बिंदू, खाली रोझलॉन नावाच्या छोट्या गावाच्या आसपासची शेतं. वर लंबगोल चकरा मारत राहायचं. घाण्याच्या बैलाला निदान तेल तरी निघताना दिसतं.

३.२४

पहिली चक्कर सुरू. वेग १७५ नॉट. सुकाणू ऑटोपायलटकडे. बाहेरचं तापमान शून्याच्या थोडं खाली, विमान ढगात. थोड्याच वेळात बर्फ काढायची यंत्रणा बंद केली गेली आणि इंजिनाच्या पंख्यांचा फेराही ८६ टक्क्यांवरून ७७ वर आणला गेला. बर्फ दिसत नसेल तर असंच करतात.

सुटकेची वेळ साडेतीनवरून पावणेचारवर गेली.

३.३३

इथे थोडं थांबायला हवं, कारण या दुपारची किल्ली या मिनिटात आहे, आणि या मिनिटात कोणीही काहीही चुकीचं केलं नाही.

कमी वेगात, वळणावर, विमान नाक वर करून उडत होतं. कॅप्टन म्हणाला की वळताना याचं तोंड फारच वर जातं, आपण हवेत नुसते लोळतोय. सहवैमानिकाने विचारलं, फ्लॅप पंधरा करू का? फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेला असलेली, खाली झुकवता येणारी झापड. ती थोडी खाली केली की पंखाला कमी कोनातही तेवढाच उठाव मिळतो, नाक खाली येतं, उभ्याने काम करणाऱ्यांचा तोल राहतो, प्रवाशांच्या पेल्यातला चहा सरळ होतो. कॅप्टनने होकार दिला. फ्लॅप पंधरा अंश उतरले. विमान समजूतदार झालं.

घिरट्या घालताना फ्लॅप वापरावेत असं विमानाच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. वापरू नयेत असंही नव्हतं.

पण नाक खाली आल्यावर पंख वाऱ्याला वेगळ्या कोनात भेटायला लागला. आधी थेंब पंखाच्या अगदी पुढच्या कडेवर आपटत होते, म्हणजे बुटावर. आता ते वरच्या पाठीवर थोडे आणखी मागे जाऊन पडू लागले. बूट संपतो तिथे, आणि त्याच्या पलीकडे.

थेंब लहान असते तर याने फारसं बिघडलं नसतं. ढगातले नेहमीचे थेंब इतके बारीक असतात की आपटल्या जागी गोठून जातात, वाहायला त्यांना उसंतच नसते. त्या ढगात मात्र बुरबुर पाऊस होता, शून्याखालच्या पाण्याचा. हा थेंब मोठा. तो आपटतो, अर्धा गोठतो, उरलेला मागे ओघळतो आणि मग गोठतो. पत्र्यावर. जिथे फुगणारं रबर नाही तिथे.

३.३८

नियंत्रकाने नवी वेळ दिली: चार वाजता. वैमानिकांनी ती मान्य केली. बर्फाबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण बोलण्यासारखं त्यांना काही दिसत नव्हतं. नियंत्रकाच्या पडद्यावर तर बर्फ दिसतच नाही. तिथे दिसतो एक ठिपका, एक क्रमांक, एक उंची.

३.४१

कॉकपिटमध्ये इशाऱ्याची घंटी वाजली. वैमानिकांनी बूट पुन्हा चालू केले, पंख्यांचा फेरा ८६ टक्क्यांवर नेला. पुस्तकाबरहुकूम.

आता पुस्तकाबद्दल. एखादं विमान बर्फात उडायला लायक आहे की नाही हे अमेरिकेत एका तक्त्यावरून ठरत होतं. हा तक्ता नियमात १९६४ मध्ये आला आणि त्यामागची मोजमापं त्याहूनही जुनी, दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ढगांत विमानं पाठवून गोळा केलेली. थर लागलेल्या ढगांसाठी या तक्त्यात थेंबाचा मध्यम व्यास जास्तीत जास्त ४० मायक्रॉन धरला होता. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे केसाच्या जेमतेम निम्म्या जाडीच्या थेंबापर्यंत विमानाची परीक्षा व्हायची. बुरबुर पावसाचा थेंब याच्या कितीतरी पट मोठा. तो परीक्षेच्या अभ्यासक्रमातच नव्हता.

एटीआर ही परीक्षा व्यवस्थित पास झालं होतं. कोणी कॉपी केली नव्हती. पण ढगाला अभ्यासक्रम पाठवलेला नव्हता.

आणि अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न त्या आधी येऊन गेला नव्हता असंही नाही. १५ ऑक्टोबर १९८७ ला इटलीत कोमो सरोवराजवळ याच घराण्यातलं धाकटं विमान, एटीआर ४२, बर्फात चढताना ताबा सुटून डोंगरात पडलं. ३७ जण गेले. २२ डिसेंबर १९८८ ला अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मोझिनीजवळ आणखी एक एटीआर ४२ बुरबुर पावसात अचानक कुशीवर लोटलं. ते सावरलं आणि उतरलं. हे मोझिनीचं विमानही सिमन्स एअरलाइन्सचं होतं, म्हणजे आज ल्युसिटवर घिरट्या घालणारं ४१८४ 'अमेरिकन ईगल' या पाटीखाली जी कंपनी चालवत होती, तिचंच. मोझिनीनंतर पंखावर हवेला वळण लावणाऱ्या छोट्या छोट्या पट्ट्या बसवल्या गेल्या, पुस्तकात काही शब्द वाढले. रोझलॉननंतर तपास करणाऱ्यांनी मागचं दप्तर उघडलं तेव्हा अशा गोठत्या पावसात एटीआर ४२ चे एलेरॉन बिथरल्याचे पाच प्रसंग त्यात सापडले.

एलेरॉन म्हणजे पंखाच्या टोकाकडची हलती फळी. एका पंखावर ती वर जाते, दुसऱ्यावर खाली, आणि विमान कुशीवर वळतं. मोठ्या विमानांत तिला तेलाच्या दाबाचा जोर असतो. एटीआरमध्ये ती तारांनी थेट वैमानिकाच्या हाताशी जोडलेली. वैमानिक ओढतो तशी ती हलते. याचा उलटा अर्थही खरा असतो: हवा ओढेल तशीही ती हलते.

कारखान्याला हे किती ठाऊक होतं आणि वैमानिकांना त्यातलं किती सांगितलं, हाच पुढे वादाचा मुख्य मुद्दा झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९६ च्या अहवालात पहिलं बोट विमान बनवणाऱ्या कंपनीकडे दाखवलं: पूर्वीच्या प्रसंगांतून समजलेलं सगळं तिने वापरणाऱ्यांपुढे मांडलं नाही. दुसरं बोट तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या फ्रेंच नियामकाकडे, आणि तिसरं आपल्याच घरच्या अमेरिकी नियामकाकडे. फ्रेंच तपास संस्थेला हे मुळीच पटलं नाही. तिचं उत्तर इतकं सविस्तर होतं की ते अहवालाचा स्वतंत्र दुसरा खंड म्हणून छापावं लागलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वैमानिकांचं लक्ष नव्हतं.

३.४८

लक्ष नव्हतं का? ध्वनिमुद्रण तसं ऐकायला गेलं तर फ्रेंचांची बाजू अगदी पोकळ नाही. कॉकपिटमध्ये बराच वेळ कुठल्याशा रेडिओ स्टेशनवरची गाणी चालू होती. केबिनमधली कर्मचारी पुढे येऊन गप्पा मारत होती. आणि याच सुमारास दोघांचं फ्लॅपवरून बोलणं झालं: सहवैमानिक म्हणाला, फ्लॅप पंधरावर हे किती छान वाटतं. कॅप्टन म्हणाला, हो, पण बघ, इथून सोडतील तेव्हा फ्लॅप खाली आहेत हे आपण विसरणार आणि वेगाची घंटी वाजणार.

फ्लॅप उतरलेले असताना विमानाने १८५ नॉटच्या वर जायचं नाही, गेलं तर इशारा वाजतो. कॅप्टन गमतीत बोलत होता ते त्या इशाऱ्याबद्दल.

त्याच गप्पांत सहवैमानिकाने सांगितलं, आता थोडा बर्फ दिसतोय.

मी हा भाग पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि दर वेळी माझं मत त्याच बाजूला झुकतं. गाणी चालू होती हे बरं नव्हे. पण समजा कॉकपिटमध्ये चिडीचूप शांतता असती आणि दोघे वैमानिक डोळ्यांत तेल घालून बसले असते, तर त्यांनी वेगळं काय केलं असतं? बर्फ दिसला, बूट चालू होते. पंख्यांचा फेरा ठरल्याप्रमाणे होता. वेग ठरल्याप्रमाणे होता. पंखाच्या पाठीवर, बुटाच्या मागे जमणारा बर्फाचा बांध त्यांना खिडकीतून दिसेल अशा जागी नव्हता, आणि तो विमान उलटवू शकतो हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. विमानाचं वागणं हाताला लागतं म्हणतात. पण हात सुकाणूवर नव्हतेच. ऑटोपायलट एलेरॉन गुपचूप सांभाळत होता. घरातला कर्ता माणूस कर्जाबद्दल शेवटपर्यंत काही बोलत नाही, तसा.

बर्फाचा हा बांध नंतर सगळ्यांनी पाहिला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड्स हवाई तळावर एक एटीआर ७२ एका टँकर विमानाच्या मागे उडवलं. टँकरमधून रंगीत पाण्याचे मोठे थेंब फवारले, शून्याखालच्या हवेत. पंखावर बुटाच्या मागच्या काठाला लागून, एलेरॉनच्या बरोबर पुढे, बर्फाची वरंबा काढल्यासारखी रेघ उभी राहिली. आणि एक छोटी, फार कामाची गोष्ट कळली. मोठ्या थेंबांचा मारा असेल तेव्हा कॉकपिटच्या बाजूच्या, गरम न होणाऱ्या काचेवर दाणेदार बर्फ पसरतो. नेहमीच्या बर्फात तसं होत नाही. ही खूण पुढे प्रत्येक एटीआर वैमानिकाला शिकवली गेली: काच बघ. दुसऱ्या कोणत्या उपकरणाची गरज नव्हती.

३.४९

कॅप्टन जागेवरून उठून मागे स्वच्छतागृहाकडे गेला. तिथे आधीच कोणीतरी होतं, त्यामुळे त्याला उभं राहावं लागलं. पाऊण तासाचा प्रवास दोन तासांवर चालला की माणसांना जायला लागतंच. त्याने मागच्या फोनवरून सहवैमानिकाला तसं सांगितलं. साधारण पाच मिनिटांनी तो परतला.

३.५५

सहवैमानिक म्हणाला, अजून बर्फ आहे.

कॅप्टनचं उत्तर ध्वनिमुद्रणात नाही.

बर्फाशी व्यवहार करण्याचा जुन्या वैमानिकांचा एकच नियम आहे आणि तो छोट्या सेसनालाही लागू पडतो: त्यातून बाहेर पड. वर जा, खाली जा, मागे फिर, पण तिथे बसून राहू नकोस. बूट असोत, गरम कडा असो, बर्फरोधक द्रव झिरपणारे पंख असोत, ही सगळी सामग्री बाहेर पडेपर्यंतचा वेळ मिळावा म्हणून असते, मुक्काम करण्यासाठी नाही. घिरट्यांत नेमकं उलटं होतं. तोच ढग, तीच उंची, तेच थेंब, चकरेमागून चकरा. ४१८४ आता अर्ध्या तासाहून अधिक काळ एकाच ढगात मुक्कामाला होतं.

हे सगळं आज माहीत आहे म्हणून संपलं, असं समजू नका. ९ ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलमध्ये विन्येदो या गावी एक एटीआर ७२ गरगरत एका वस्तीत कोसळलं. ६२ जण गेले. प्राथमिक अहवालानुसार बर्फाचे इशारे कॉकपिटमध्ये लागले होते आणि सहवैमानिक बोलला होता की बर्फ बराच आहे. बोलणं आणि बाहेर पडणं यांच्यातलं अंतर तीस वर्षांनीही तेवढंच राहिलं होतं.

३.५६

सुटकेचा पहिला तुकडा आला. नियंत्रकाने सांगितलं, आठ हजारांवर उतरा. आणि पुढे: दहाएक मिनिटांत तुम्हाला आत घेतो. सहवैमानिकाने आभार मानले. ४१८४ चा रेडिओवरचा हा शेवटचा शब्द.

दोन हजार फूट खाली हवा अधिक उबदार होती. बर्फ सुटायला लागण्याची शक्यता खालीच होती. ते बरोबर दिशेने निघाले होते.

३.५७

उतरताना वेग वाढला. १८५ नॉट. वेगाची घंटी वाजली.

कॅप्टन म्हणाला, मला माहीतच होतं. सहवैमानिक म्हणाला, मी एकशे ऐंशीवर धरायचा प्रयत्न करत होतो. नऊ मिनिटांपूर्वीची गंमत खरी ठरली होती, त्यात खजील होण्यापलीकडे काही नव्हतं. घंटी वाजली की फ्लॅप मिटायचे, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. फ्लॅप मिटू लागले.

रोझलॉननंतर नियामकाने वैमानिकांच्या पुस्तकात घालायला लावलेल्या सूचनांपैकी एक अशी आहे: तीव्र बर्फात फ्लॅप उतरलेले असतील, तर विमान बर्फमुक्त होईपर्यंत ते मिटू नका. दुसरी: ऑटोपायलट सोडा, सुकाणू हातात घ्या. आणि डिसेंबर १९९४ मध्येच या विमानांना बर्फाचा अंदाज असलेल्या हवेत जायला काही आठवडे सरसकट बंदी घातली गेली. पुढे बूट लांबवले, सात टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांपर्यंत. अमेरिकन ईगलने आपली एटीआर उचलून कॅरिबियनसारख्या उबदार हवेत नेली. बुरबुर पावसाचे मोठे थेंब नियमाच्या तक्त्यात यायला २०१४ उजाडलं.

४१८४ च्या पुस्तकात त्या दुपारी यातलं एकही वाक्य नव्हतं.

फ्लॅप मिटताच पंखाला तेवढाच उठाव मिळवायला नाक वर उचलावं लागलं. ऑटोपायलटने ते उचललं. पंखाचा वाऱ्याशी कोन वाढत पाच अंशांच्या पुढे गेला. उजव्या पंखावर बर्फाच्या वरंब्यावरून जाणारी हवा पृष्ठभाग सोडून उधळली आणि मागच्या एलेरॉनच्या पाठीवरचा दाब एकदम पडला. हवेने फळी वर खेचून घेतली. वैमानिकाने नाही, ऑटोपायलटने नाही, हवेने. अर्ध्या सेकंदाच्या आत ती जवळजवळ शेवटपर्यंत गेली. ऑटोपायलटला हे पेलेना, तो सुटला. विमान उजवीकडे ७७ अंशांपर्यंत कलंडलं, म्हणजे पंख जवळपास उभे.

दोघांनी नाक खाली दाबलं आणि सुकाणू डावीकडे फिरवलं. कोन कमी झाला, हवा पंखाला पुन्हा चिकटली, विमान थोडं सरळ व्हायला लागलं. हे अगदी बरोबर चाललं होतं. मग नाक पुन्हा वर येऊ लागलं, कोन पुन्हा वाढला, आणि एलेरॉन पुन्हा हातातून निसटला. या वेळी विमान पाठीवर पालथं झालं आणि नाक जमिनीकडे वळलं.

ध्वनिमुद्रणात कॅप्टनचा आवाज सहवैमानिकाला धीर देणारा आहे. हळू, सावकाश, असं तो सांगतो. नवशिक्याला घाटात गाडी शिकवताना शेजारी बसलेला माणूस बोलतो तसा.

नऊ हजार फुटांवरून जमिनीपर्यंत अर्धं मिनिटही लागलं नाही. जमिनीजवळ धोक्याचा यांत्रिक आवाज आला, वैमानिकांनी पूर्ण जोराने ओढलं, आणि त्या वेगात ओढल्याने पंखांची टोकं आणि शेपटीचे भाग तुटून गेले. खाली सोयाबीनचं शेत होतं, पावसाने भिजलेलं. ६८ पैकी कोणीही वाचलं नाही.

४.००

नियंत्रकाने ४१८४ ला हाक मारली. उत्तर आलं नाही. त्याने पुन्हा मारली. पडद्यावर ल्युसिटजवळचा ठिपका नव्हता. ओ'हेअरच्या रांगेत त्याची जागा धरून ठेवलेली होती.